"मॅडम मी सांगू?" : वर्गात एकट्यानंच बोलणाऱ्या पोराचं काय करायचं

प्रश्न विचारून खडू खाली ठेवायच्या आत ज्याचा हात वर असतो, नुसता हात नाही तर अर्धा बाकावरनं उठून "मॅडम मी, मॅडम मी सांगू?" आणि तुम्ही दुसऱ्या कुणाकडं बघताय असं दिसलं की उत्तर ठोकूनच मोकळा होतो, असलं एक पोर प्रत्येक वर्गात असतंच. सतरा वर्षं झाली मला शिकवायला, आमच्या तासगाव भागात एकपण वर्ग असा बघितला नाही जिथं हे पोर नव्हतं. कुठं एक असतं, कुठं तिघं. आणि बाकीची पन्नास निवांत, कारण उत्तर द्यायला माणूस नेमलेला आहे, आपण कशाला तोंड उघडा.

मी नववी दहावीला विज्ञान शिकवते. दरवर्षी जूनमध्ये नवीन लागलेलं कोणतरी स्टाफरूममध्ये विचारतंच की ह्याला गप्प कसं करायचं, आणि दरवर्षी मी तुकड्यातुकड्यानं तेच सांगते, म्हणून ह्यावेळी एकदाच बसून लिहून काढलं. फक्त एक आधीच सांगते, त्याला गप्प करायचं हे आपलं कामच नाही. मी एकदा केलंय ते, चांगलं जमलं पण होतं, आणि अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं. ते पुढं येईल.

सोयीसाठी ह्या पोराला आपण रोल नंबर १४ म्हणू. दरवर्षी पोरगं बदलतं, चौदा नंबर काही बदलत नाही.

सगळ्यात आधी मोजायचं. वहीच्या मागच्या पानावर बाकांचा नकाशा काढा, प्रत्येक बाकावर रोल नंबर टाका, आणि तीन दिवस तासाला जो बोलेल त्याच्या नंबरापुढं एक रेघ. शिकवता शिकवता हे आपल्याला जमत नाही, मला तरी नाही जमलं, म्हणून मी ते काम शेवटच्या बाकावरच्या एकाला दिलं जो तसाही खिडकीतनं बाहेरच बघत असायचा, आणि पठ्ठ्यानं इतकं इमानदारीत केलं की मी स्वतः किती वेळा बोलले त्याच्या पण रेघा मारून ठेवल्या, खालचा कोपरा सगळा काळा. त्याला एवढंच सांगायचं की रेघा दोन तऱ्हेच्या मारायच्या. मॅडमनी विचारल्यावर बोलला तर उभी, न विचारता मधीच बोलला तर आडवी.

मला वाटत होतं चौदा नंबरपुढं सगळ्या आडव्या निघणार. निघाल्या अर्ध्याच्या वर उभ्या. म्हणजे तो घुसत नव्हता, मीच त्याला बोलवत होते. का, तर पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली पाच मिनिटं पोरं जाग्यावर बसण्यात जातात, दिवाळीच्या आधी एवढे धडे संपले पाहिजेत, आणि त्यानं फटकन बरोबर उत्तर दिलं की माझी गाडी पुढं जाते. वर्गाला समजलं असं मला वाटतं, घंटा होते, सगळे खूश. आणि तपासणीला साहेब वर्गात आले की आपली नजर कुणाकडं जाते ते आठवा जरा. खोटं नाही सांगत, माझी पण तिकडंच जाते. मग एरवी त्यानंच का गप्प बसावं? म्हणून म्हणते, मोजल्याशिवाय पुढचं काही करायला घेऊ नका, आपल्याला जे आठवतं आणि वर्गात जे झालेलं असतं त्यात लय अंतर असतं.

मग तो का बोलतो ते बघायचं, कारण वरनं सगळी सारखीच दिसतात. आमच्याकडं सगळ्यात जास्त सापडतो तो ट्यूशनवाला. मे महिन्याच्या सुट्टीतच क्लासमध्ये दोनचार धडे उरकलेले असतात, त्यामुळं तुम्ही फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं की ह्याच्याकडं उत्तर तयार. त्याला जास्त कळलंय असं काही नाही, आधी ऐकलंय एवढंच. ओळखायचं कसं, तर त्याच्या उत्तराला एक "का?" लावायचा. दोन "का" मध्ये कळतं. त्यावर चिडायचं नाही, त्याचा पण नाईलाज आहे, एकच धडा दोनदा ऐकताना माणूस कंटाळतोच.

दुसरा असतो ज्याचं घरी ऐकायला कुणी नाही. इकडं विटा, खानापूर, आटपाडी ह्या पट्ट्यातली गलाईवाल्यांची घरं माहितीयेत ना, आईबाप सोनं गाळायच्या धंद्यापायी कुठं तमिळनाडूत नाहीतर वर उत्तरेत, आणि पोरगं गावाकडं आजीजवळ. असाच एक माझ्याकडं होता, आजीला कमी ऐकू यायचं, त्यामुळं दिवसभराचं साठलेलं सगळं बोलणं माझ्या तासाला बाहेर पडायचं, धडा कुठला का असेना. असल्या पोराला नियम लावून काय होत नाही. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं "काय रे, काल काय केलंस" विचारलं की तासाला निम्मा शांत. आठवडाभर करून बघा. तिसरा "पण मॅडम तसं नाही" वाला, त्याला मी तर जपते, वर्गात खरा विचार बरेचदा तोच करत असतो, फक्त त्याला वेळ कळत नाही. आणि एखादा ज्याचे वडील शाळा समितीवर आहेत, त्याच्याबद्दल मी इथं काही लिहित नाही, तुम्हाला माहितीये.

आता तासाला प्रत्यक्ष काय करायचं ते.

थांबायचं. बस, निम्मं काम ह्यातच होतं. मेरी बड रो म्हणून अमेरिकेत विज्ञान शिक्षणावर काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी वर्गातली टेप केलेली बोलणी ऐकून १९७० च्या दशकात मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात. तर साधारण एक सेकंद. एका सेकंदात कोण उत्तर देणार सांगा, चौदा नंबरच की. तेच तीन सेकंद नाहीतर जास्त थांबायला लागल्यावर पोरांची उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" म्हणणं कमी झालं आणि एरवी न बोलणारी बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटतं, पण चोपन्न पोरांसमोर तोंड बंद ठेवून उभं राहून बघा, घाम फुटतो. मी मनातल्या मनात "एक विठ्ठल, दोन विठ्ठल" असं मोजते, पाच विठ्ठलापर्यंत. सुरवातीला तेपण जमायचं नाही, मग पाण्याची बाटली टेबलावर ठेवायला लागले, प्रश्न विचारायचा आणि झाकण उघडून दोन घोट प्यायचे. तोंडात पाणी असल्यावर बोलता येत नाही, हा मोठा फायदा.

आणि थांबायचं दोनदा. उत्तर आल्यावर पण. आपण लगेच "शाब्बास, बरोबर" म्हणतो ना, त्या शाब्बासला बाकीच्या पोरांची डोकी बंद होतात, खेळ खल्लास झाला असं त्यांना कळतं. त्यापेक्षा नुसतं "हं" म्हणायचं आणि तोंडावरची माशी न हलवता दुसरीकडं बघायचं. पोरांना कळतच नाही की बरोबर आहे का चूक, आणि मग हळूच मागनं कोणतरी म्हणतं, "मॅडम तसं नसतंय बहुतेक."

त्याच्या जोडीला एक नियम, मी "हात" म्हटल्याशिवाय हात वर करायचा नाही. पहिले आठ दिवस चौदा नंबर आपलाच हात दुसऱ्या हातानं धरून बसायचा, बघून हसू यायचं.

पुढची गोष्ट, आधी लिहायचं मग बोलायचं. प्रश्न फळ्यावर, एक मिनिट कच्च्या वहीत प्रत्येकानं दोन ओळी, मग बाकावरच्या शेजाऱ्याला सांगायचं, आणि मग वर्गात. ही पद्धत फ्रँक लायमन ह्यांनी १९८१ मध्ये मांडली, बीएडला आपण सगळ्यांनी पाठ केलीय आणि नोकरी लागल्यावर सोडून दिलीय. मी त्यात एक फरक केलाय आणि माझ्या मते सगळी मजा त्या फरकात आहे. वर्गात उठून स्वतःचं उत्तर सांगायचं नाही, शेजाऱ्याचं सांगायचं. आता चौदा नंबरला बोलायचंय तर आधी शेजारच्याला बोलतं करावं लागतं, आणि ऐकावं पण लागतं. पहिल्या दिवशी तो उठला आणि आपलंच उत्तर सांगायला लागला, तेव्हा शेजारचा म्हणाला, "मी असलं काय म्हटलोच नाही." वर्ग हसला, तोपण हसला. दुसऱ्या दिवसापासनं तो शेजारच्याला खोदून खोदून विचारायला लागला. एका बाकावर तिघं असतील तर गोल फिरवायचं, पहिल्याचं दुसऱ्यानं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं. गोंगाट होतो. होऊ द्या. शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून जातात, त्यांना चहाला बोलवा.

पण हे सगळं करूनपण प्रश्नच जर पाठांतराचा असेल तर काय उपयोग नाही, आणि हे मला लय उशिरा कळलं. नववीला वनस्पतींच्या संप्रेरकांचा भाग आहे. दरवर्षी मी विचारायचे, "वनस्पतींमधली संप्रेरकं कोणती?" आणि दरवर्षी त्या त्या वर्षीचा चौदा नंबर एका दमात "ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, अ‍ॅबसिसिक आम्ल" म्हणून खाली बसायचा. झालं, आता बाकीच्यांनी काय बोलायचं? त्या प्रश्नात दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती. मागच्या वर्षी मी धड्याचं नावपण लिहिलं नाही, सरळ विचारलं, "द्राक्षाचा घड मगात का बुडवतात?"

शांत. चौदा नंबर पण शांत, क्लासमध्ये हे नव्हतं झालं. एक विठ्ठल, दोन विठ्ठल, मी चौथ्या विठ्ठलावर होते तेव्हा सदतीस नंबर बोलली. सदतीस नंबर म्हणजे वाडीवरची पोरगी, जून ते सप्टेंबर माझ्या नकाशात तिच्यापुढं एकपण रेघ नव्हती, उभी नाही की आडवी नाही. तिची आई बागांत मजुरीला जाते, डिपिंगच्या, म्हणजे घड बुडवायच्या दिवसात तर सकाळी उजाडायच्या आत. ती खाली बघूनच म्हणाली, "जीए असतंय त्यात." मी म्हटलं, "कशाला?" "मणी फुगाय." मग जे सुरू झालं ते घंटेपर्यंत थांबलं नाही. एकजण म्हणाला फुलोऱ्याच्या आधी पण मारतात, घड लांब सुटाय. दुसरा म्हणाला आमच्यात जास्त झालं होतं तर घड वाकडं झालं. तिसऱ्यानं विचारलं मग खायला चालतंय का ते, आणि त्यावर दोन गट पडले. आणि चौदा नंबरनं, ज्याच्या वडलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे आणि ज्यानं बाग रस्त्यावरनंच बघितलेली, त्यानं वर्षात पहिल्यांदा मला उत्तर न देता तिला प्रश्न विचारला, "जीए म्हणजे काय?" तिला लाँगफॉर्म माहीत नव्हता, ती गप्प बसली. मी पण गप्प. मग त्याचाच चेहरा बदलला, "मॅडम, जिबरेलिक अ‍ॅसिड का?"

पुस्तकातलं नाव त्याच्याकडं होतं, ते काय करतं हे तिच्याकडं होतं. मला काही करावंच लागलं नाही. तेव्हापासनं मी तासाच्या तयारीत आधी हे बघते की ह्या धड्यात असा कुठला प्रश्न आहे ज्याचं उत्तर क्लासमध्ये मिळत नाही. सगळ्या धड्यांत सापडत नाही, अणूच्या रचनेत मला अजून सापडलेला नाही, कुणाला सुचला तर सांगा. माझी एक मैत्रीण सांगलीत नदीजवळच्या शाळेत भूगोल शिकवते, तिच्या वर्गात "पूर का येतो?" विचारलं की एकजण मोठ्या माणसासारखं "अलमट्टी", म्हणजे खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, म्हणतो आणि विषय संपतो. तिनं प्रश्न बदलला, "२०१९ ला तुमच्या गल्लीत पाणी पहिलं कुठनं आलं, नदीकडनं का नाल्यातनं?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका हे तिथल्या लहान पोरांना पण तोंडपाठ असतं, त्यामुळं ज्याच्या घराला पाणी लागलं तो प्रत्येकजण त्यात तज्ज्ञ. तिनं फळ्यावर गल्ल्यांचा नकाशाच काढला. अलमट्टीवाला पण होता चर्चेत, पण आता त्याला सिद्ध करावं लागत होतं.

चिठ्ठ्यांबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहितीये. बिस्किटाचा जुना डबा, त्यात रोल नंबरच्या चिठ्ठ्या, निघेल त्यानं बोलायचं. दोनच गोष्टी सांगते. निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, नाहीतर ज्याचा नंबर येऊन गेला तो तासभर झोपायला मोकळा. आणि "पास" म्हणायचा हक्क द्यायचा, पण पास म्हणजे सुटका नाही, दोघांचं ऐकून झाल्यावर मी परत येणार आणि तेव्हा निदान त्या दोघांतलं कुणाचं पटलं ते सांगायचं. अडखळत बोलणारं पोर असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की उद्या तुला हे विचारणार आहे. चिठ्ठी कधीच शिक्षा म्हणून काढायची नाही, "लक्ष नाही ना, थांब तुझाच नंबर काढते" असलं एकदा केलं की डबा मेला.

चिंचोके मात्र चर्चेच्या तासालाच. प्रत्येकाला तीन चिंचोके, एकदा बोललं की एक पुढच्या वाटीत टाकायचा, तीन संपले की फक्त ऐकायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा चौदा नंबरनं पहिल्या चार मिनिटांत तिन्ही संपवले आणि उरलेला तास तो अक्षरशः बाकावर डोकं आपटत होता. दुसऱ्यांदा मात्र त्यानं जपून वापरले, शेवटचा तर मुठीत धरून ठेवला आणि असा मुद्दा काढला की मला पण सुचला नव्हता. म्हणजे त्याला बोलायची नाही, निवडायची सवय नव्हती. तिसऱ्यांदा लक्षात आलं की एका पोरानं दोन गोळ्यांना शेजारच्याचे दोन चिंचोके विकत घेतलेत. त्यावर मग बाजारभावाची पण चर्चा झाली. पंधरा दिवसातनं एकदाच करा, रोज केलं तर पोरं शेवटच्या पाच मिनिटांत कायपण बोलून चिंचोके खपवतात.

चौदा नंबरशी एकट्यानं बोलणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि ते वर्गात करायचं नाही. व्हरांड्यात, घरी जाताना, सायकल काढताना. मी साधारण असं बोलते: "तुला येतंय हे मला माहितीये, तू हात केला नाहीस तरी माहितीये. मला आता बाकीच्यांना काय येत नाही ते बघायचंय, नाहीतर मी शिकवू काय? तू तिघं बोलल्यावर बोल. आणि बोलताना त्या तिघांत कुणाचं चुकलं, कुणाचं राहिलं ते सांग." पोराला आपण आवडत नाही म्हणून गप्प केलंय असं वाटू द्यायचं नाही, त्याला अवघड काम दिलंय असं वाटलं पाहिजे, आणि खरंच ते अवघड आहे. एक खूण ठरवून ठेवा. मी खडू कानाला लावते, म्हणजे बघितलं मी तुझं, थांब. त्याला वर्गासमोर टोकावं लागत नाही आणि आमचं काहीतरी गुपित आहे ह्यात तो खूश असतो.

त्याला "तूच शिकव सगळ्यांना" म्हणून खडू देणारे पण असतात. करू नका. आधीच चढलाय त्याला घोड्यावर बसवल्यासारखं होतं, आणि बाकीची पोरं मधल्या सुट्टीत त्याचा हिशोब चुकता करतात. दुसऱ्यांचे मुद्दे फळ्यावर लिहायचं काम द्या, त्यांच्याच शब्दांत. लिहिताना तोंड बंद राहतं.

ऐन तासाला तो मधी घुसलाच तर काय म्हणायचं ते तयार पाहिजे, नाहीतर तोंडातनं नको ते जातं. "थांब, तो मुद्दा तसाच धरून ठेव, दोन मिनिटात येते." "हे एक झालं, आता खिडकीकडच्या रांगेतनं एक पाहिजे." "तुझं ऐकलं, आता ह्यात चूक काढायची असेल तर कोण काढेल?" एवढी तीन पुरतात. आणि "दोन मिनिटात येते" म्हटलं तर खरंच यायचं.

नको ते म्हणजे काय, तर आता ती गोष्ट सांगते. नोकरीच्या चौथ्या का पाचव्या वर्षी, एक पोरगा असाच, मी वैतागलेले, दहावीचा पोर्शन मागं पडलेला, आणि मी म्हटलं, "सगळं तुलाच येतंय व्हय रे? बसा पंडित!" वर्ग खदाखदा हसला. मलापण त्या क्षणी बरं वाटलं, खरं सांगते. दुसऱ्या दिवसापासनं पोरं त्याला पंडित म्हणायला लागली, मैदानावर, एसटीत, सगळीकडं. त्याचा हात बंद झाला. आणि महिनाभर मी स्टाफरूममध्ये सांगत होते की आता वर्ग कसा छान शांत झालाय. मग त्याची आई आली, विज्ञानाचा तास असला की पोटात दुखतंय म्हणतो, शाळेत यायलाच बघत नाही, काय झालंय का बाई? काय सांगू तिला. चूक चारचौघात केली होती म्हणून माफी पण वर्गातच मागितली, उभं राहून, नाव घेऊन. तो हसला, "काय नाही मॅडम" म्हणाला. पण वर्षाच्या शेवटपर्यंत त्याचा हात काही वर आला नाही.

आता न बोलणाऱ्यांचं. चौदा नंबर थांबला म्हणजे बाकीची आपोआप बोलतील असं नसतं, मधी एक मोकळी जागा होते फक्त. हळू बोलणारं पोर बोलायला लागलं की आपण काय करतो, ऐकू यावं म्हणून त्याच्याजवळ जातो. उलटं करायचं. त्याच्यापासनं लांब, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "इथपर्यंत येऊ दे." जवळ गेलं की ते आपल्या कानात बोलतं आणि बाकी वर्ग गप्पा मारतो.

मुलींच्या बाबतीत एक हमखास होतं, मुलगी हळू आवाजात बरोबर उत्तर देते, मागचा एखादा पोरगा तेच मोठ्यांदा म्हणतो आणि आपण त्याला शाब्बास म्हणतो. रेघा मारायला लागल्यावर मला हे दिसलं, नाहीतर दिसलंच नसतं. तेव्हा कुणी आधी म्हटलं त्याचं नाव घेऊन फळ्यावर लिहायचं. आणि एखादी मुलगीच चौदा नंबर असेल तर स्टाफरूममध्ये तिला काय शब्द वापरला जातो तो ऐका. पोरगा असला की "हुशार आहे पण जरा चळवळ्या", पोरगी असली की "आगाऊ".

भाषेचं पण आहे. जतकडनं आलेली काही पोरं घरी कानडी बोलतात, त्यांना वाक्य जुळवायलाच चार विठ्ठल लागतात. आणि बाकीची पण "मॅडम त्ये पानी वर चढतंय" म्हटल्यावर आपण आधी "ते पाणी म्हण" करतो आणि मग केशाकर्षण बघतो. पोरगं तिथंच बसतं खाली. त्याचं विज्ञान बरोबर होतं. मराठीच्या तासाला सुधारा काय सुधारायचं ते, माझ्या तासाला पानी पण वर चढतं.

कार्यक्रमांत पण हेच होतं बघा. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस असतो, १९०० साली त्या तारखेला बाबासाहेबांचं नाव सातारच्या शाळेत दाखल झालं म्हणून, आणि आमच्यात दरवर्षी त्या दिवशी भाषणं कोण करतं, तर तीच तीन पोरं. ज्याला वर्गात बाजूला बसवायचे त्याच्या आठवणीच्या दिवशी आमचा शेवटचा बाक सतरंजी उचलायला. मागच्या वर्षी मी त्या तिघांना भाषणं लिहायला लावली आणि बोलायला वेगळे तिघं. एकजण मधीच विसरला, तेव्हा लिहिणारा पहिल्या रांगेतनं ओठ हलवून सांगत होता.

पालकांचं एक राहिलं. हे सगळं सुरू केल्यावर महिन्याभरात चौदा नंबरचे वडील येणार, आणि म्हणणार की मॅडम तुम्ही आमच्या पोराला हल्ली बोलू देत नाही. वाद घालू नका. रेघांचं पान काढा, बाकीचे नंबर झाकून त्याच्याच रेघा दाखवा, जूनच्या आणि आत्ताच्या, आणि सोबत त्याची वही, की आधी एका शब्दाची उत्तरं होती आणि आता "का" ची उत्तरं आहेत. आमच्या कापडवाल्या वडलांनी पान नीट बघितलं आणि म्हणाले, "दुकानात पण असाच करतोय, गिऱ्हाईकानं साडी बोट दाखवायच्या आत ह्यो तीन पुढं टाकतोय."

आणि चिठ्ठ्यांचा डबा कुलपात ठेवत जा. परवा माझ्या लक्षात आलं की चौदा नंबर जरा जास्तच निघतोय, नशीबच म्हणायचं असं वाटलं, मग संध्याकाळी डबा टेबलावर ओतला. पोरं चोपन्न, चिठ्ठ्या एकोणसाठ. जादाच्या पाच कुणाच्या नंबरच्या होत्या ते सांगायला नको, अक्षर मात्र छान काढलं होतं, अगदी माझ्यासारखं.